सहीचे पार्सल आणि नोकरदार नाणेसंग्राहक : अडचण नेमकी कुठे, मार्ग कोणते?

समजा, एक नाणेसंग्राहक विरारला राहतो आणि मुंबईत फोर्टमध्ये नोकरी करतो. सकाळी सातची लोकल पकडून तो निघतो आणि घरी परततो रात्री आठनंतर. त्याच्या इमारतीत पोस्टमन येतो दुपारी. अनेक आठवडे वाट पाहिलेले नाणे अखेर त्याच दुपारी दारापर्यंत येते, दाराला कुलूप दिसते आणि पोस्टमनसोबत परत जाते. मोबाइलवर संदेश येतो : वितरणाचा प्रयत्न केला, दार बंद होते. दुसऱ्या दिवशीही वेळ तीच आणि कुलूपही तेच.

ही तक्रार नाणी जमवणाऱ्या बहुतेक नोकरदारांची आहे. छंदासाठी लागणारा पैसा नोकरीतून येतो आणि त्याच नोकरीमुळे पार्सल घ्यायला घरी कोणी नसते. मग 'ही सहीची भानगड हवीच कशाला' असा प्रश्न पडतो. सही नेमकी कोणाच्या संरक्षणासाठी असते, ती काढून टाकली तर धोका कोणाकडे जातो आणि सही कायम ठेवूनही अडचण कशी टाळता येते, हे समजून घेतले तर या प्रश्नाचे उत्तर सापडते.

सही कशासाठी घेतात?

टपाल किंवा कुरियरने पाठवलेल्या वस्तूचा ताबा वाटेत अनेकदा बदलतो. बुकिंग काउंटर, छाननी केंद्र, गाडी, वितरण कार्यालय, पोस्टमन आणि शेवटी घेणारा. शेवटच्या टप्प्यावर घेतलेली सही म्हणजे वस्तू या तारखेला, या व्यक्तीच्या हाती सोपवली, याचा लेखी पुरावा. पूर्वी रजिस्टर्ड पोस्टासोबत पोचपावतीचे कार्ड जोडत. ते सहीसह पाठवणाऱ्याकडे परत यायचे. आज सही बहुधा पोस्टमनजवळच्या मोबाइलच्या पडद्यावर बोटाने केली जाते, पण तिचा अर्थ तोच आहे.

हा पुरावा सर्वात आधी उपयोगी पडतो पाठवणाऱ्याला. 'मला पार्सल मिळालेच नाही' असे घेणाऱ्याने म्हटले तर विक्रेता सहीकडे बोट दाखवू शकतो. महागडी नाणी विकणारे सहीचा आग्रह धरतात तो यामुळेच. मात्र सहीचा फायदा खरेदीदारालाही होतो. पार्सल भलत्याच दारात ठेवले गेले किंवा वाटेत गहाळ झाले, तर 'या नोंदीतली सही माझी नाही' असे तो म्हणू शकतो. सहीच घेतली नसेल तर त्याच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही.

यामागे कायद्याची बाजूही आहे. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्यातील कलम ६ नुसार वस्तू हरवणे, चुकीच्या ठिकाणी जाणे, उशीर होणे किंवा नुकसान होणे याबद्दल सरकारवर सर्वसाधारणपणे जबाबदारी येत नव्हती. जिथे सरकारने ती स्पष्टपणे स्वीकारली असेल तेवढाच अपवाद होता. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या 'टपाल कार्यालय कायदा, २०२३' मध्येही टपाल खात्याला जबाबदारीतून अशी मोकळीक आहे आणि नियमांनी ठरवून दिलेली जबाबदारी तेवढी कायम आहे. विमा न उतरवलेली स्पीड पोस्टची वस्तू हरवल्यास भरपाईची वर्षानुवर्षे चालत आलेली मर्यादा म्हणजे भरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम किंवा १,००० रुपये, यांपैकी जी कमी असेल ती. साठ-सत्तर रुपये शुल्क भरून पाठवलेले दहा हजारांचे नाणे हरवले तर हाती काय येईल, हे यावरून कळते. मौल्यवान वस्तूसाठी सही आणि विमा या दोन्ही गोष्टी लागतात. एकीमुळे दुसरीची गरज संपत नाही.

पत्त्यावर की व्यक्तीच्या हातात?

सहीच्या पार्सलबाबतचा बराच गोंधळ एका फरकाकडे लक्ष न दिल्याने होतो. स्पीड पोस्टची सेवा १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाली. तिचे वितरण मुळात पत्त्यावर होते. त्या पत्त्यावर असलेली व्यक्ती, उदाहरणार्थ घरातला एखादा सदस्य, सही करून वस्तू घेऊ शकते. रजिस्टर्ड पोस्टाचे वितरण मात्र व्यक्तीला होत असे. ज्याच्या नावे वस्तू आली आहे त्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच ती मिळे.

२०२५ मध्ये टपाल खात्याने देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे सुधारित दरही लागू झाले. नव्या रचनेत 'रजिस्ट्रेशन' ही स्पीड पोस्टवरची जादा सेवा झाली असून तिचे शुल्क प्रत्येक नगामागे ५ रुपये अधिक जीएसटी इतके आहे. ती घेतली तर वस्तू ज्याच्या नावे आहे त्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीलाच मिळते. ओटीपी सांगितल्यावरच वस्तू देण्याची सोयही तेवढ्याच शुल्कात मिळते.

नोकरदार संग्राहकाच्या दृष्टीने ही निवड महत्त्वाची आहे. घरी दिवसभर आई, वडील किंवा अन्य विश्वासू माणूस असेल तर साध्या स्पीड पोस्टने काम भागते. पार्सल पत्त्यावर येते आणि घरचे सही करून घेतात. घरात दिवसा कोणीच नसेल तर रजिस्ट्रेशन घेऊनही पोस्टमनला कुलूपच दिसणार. अशा वेळी पार्सल कोणत्या पत्त्यावर मागवायचे, हे आधी ठरवावे लागते. ही चर्चा विक्रेत्याशी पैसे भरण्यापूर्वी व्हायला हवी. पार्सल निघाल्यानंतर पत्ता किंवा सेवा बदलणे अवघड जाते.

नाण्यांचे पार्सल वेगळे का?

एखादा शर्ट किंवा पुस्तक हरवले तर तसेच दुसरे मागवता येते. नाण्याचे तसे नसते. एकाच वर्षाची, एकाच टांकसाळीची दोन नाणीही झीज, रंग, ठशाचा ठसठशीतपणा यांत वेगळी असतात. संग्राहकाने छायाचित्र पाहून निवडलेले नाणे तेच एक असते. ते हरवले तर पैसे परत मिळूनही नुकसान पूर्ण भरून निघत नाही.

दुसरे म्हणजे आकार आणि किंमत यांचा मेळ नसतो. ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. असे एखादे नाणे साध्या लिफाफ्यातही मावते. लहान, हलके आणि मौल्यवान असलेले पार्सल गहाळ होणे सोपे असते आणि लिफाफ्यातून नाणे काढून घेतले तरी वरून पटकन कळत नाही.

तिसरी गोष्ट वाट पाहण्याची. भारत सरकारच्या मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टांकसाळी 'भारतीय प्रतिभूती मुद्रण आणि मुद्रानिर्माण महामंडळा'च्या अखत्यारीत येतात. स्मारक नाण्यांचे संच ऑनलाइन नोंदणी करून टांकसाळीकडून थेट घेता येतात. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनानिमित्त २०२३ मध्ये काढलेले ७५ रुपयांचे स्मारक नाणे हे अलीकडचे एक उदाहरण. त्याचे वजन ३५ ग्रॅम असून त्यात निम्मी चांदी आहे. अशी नाणी संग्राहकांसाठीच काढली जातात, बाजारात फिरत नाहीत. नोंदणी आणि प्रत्यक्ष नाणे हाती येणे यांत मोठे अंतर पडू शकते. पार्सल नेमक्या कोणत्या आठवड्यात येईल हे आधी ठाऊक नसेल तर त्या दिवसाची रजा काढणेही शक्य होत नाही.

दार बंद असेल तर पार्सलचे काय होते?

घेणारा घरी नसेल तर पोस्टमन तशी नोंद करतो आणि शक्य असेल तिथे सूचनेची चिठ्ठी ठेवतो. मोबाइल क्रमांक पार्सलवर असेल तर संदेशही जातो. त्यानंतर पार्सल त्या भागाच्या वितरण कार्यालयात थांबते. साधारण सात दिवसांत कोणी ते नेले नाही तर पाठवणाऱ्याकडे परत जाते.

सात दिवस पुरेसे वाटतात, पण नोकरदाराच्या हिशेबात ते फार थोडे असतात. सोमवारी चिठ्ठी पडली तर त्या आठवड्यात सोयीचा दिवस एकच, शनिवार. अनेक कार्यालयांत शनिवारीही काम असते. रविवारी टपालाचे काउंटर सहसा बंद असते. मध्ये सण किंवा सुटी आली की दिवस आणखी कमी होतात. चिठ्ठी वाऱ्याने उडाली किंवा भलत्याच पत्रपेटीत पडली तर पार्सल आल्याचेच कळत नाही.

परत गेलेल्या पार्सलमुळे नवे प्रश्न उभे राहतात. विक्रेता पुन्हा पाठवण्याचा खर्च मागतो. काही विक्रेते व्यवहार रद्द करून नाणे दुसऱ्याला विकतात. लिलावातून घेतलेल्या नाण्याबाबत हे अधिकच अडचणीचे ठरते, कारण बोली आणि पैसे दोन्ही आधीच दिलेले असतात. शिवाय मौल्यवान वस्तूचा प्रवास दुप्पट होतो, म्हणजे हरवण्याची शक्यताही वाढते.

म्हणून चिठ्ठीची वाट न पाहता ट्रॅकिंगवर लक्ष ठेवणे उपयोगाचे. स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा वर्णांचा असतो : सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी देशाची खूण म्हणून 'आयएन'. पार्सल आपल्या पिनकोडच्या वितरण कार्यालयात पोहोचल्याचे दिसले की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कार्यालयाशी संपर्क साधता येतो.

वॉचमनची सही, शेजाऱ्याची सही

शहरातल्या सोसायट्यांमध्ये यावर एक सोपा मार्ग रूढ झाला आहे. पार्सल वॉचमनकडे किंवा शेजाऱ्यांकडे ठेवायचे. भाजीच्या पिशवीसाठी किंवा कपड्यांच्या खोक्यासाठी त्यात फारसे बिघडत नाही. नाण्याच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वॉचमनने सही केली की नोंदीत पार्सल 'पोहोचले' असे दिसते. तिथून पुढे काहीही झाले तरी विक्रेत्याची आणि वाहतूकदाराची बाजू भक्कम होते. वॉचमनची पाळी बदलली, पार्सल केबिनमध्ये इतर खोक्यांखाली गेले, चुकून दुसऱ्या फ्लॅटला दिले गेले, तर तक्रार कोणाविरुद्ध करायची हेच ठरत नाही. वॉचमनलाही नाहक संशयाचा त्रास सोसावा लागतो.

आणखी एक बाब मुदतीची. अनेक ऑनलाइन बाजारपेठांत वस्तू परत करण्याची किंवा तक्रार करण्याची मुदत पार्सल पोहोचल्याच्या नोंदीपासून मोजतात. संग्राहक कामानिमित्त दहा दिवस बाहेरगावी असेल आणि दरम्यान कोणीतरी सही करून पार्सल घेतले असेल, तर खोक्यात बनावट नाणे निघूनही मुदत संपलेली असू शकते.

शेजाऱ्यांवर विश्वास असेल तर तो लेखी स्वरूपात आणणे उत्तम. त्यासाठी अधिकारपत्र उपयोगी पडते. त्यात पार्सलचा क्रमांक, ज्याच्या नावे पार्सल आहे त्याचे नाव आणि पत्ता, वस्तू घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि सही एवढे असावे. सोबत दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती द्याव्यात. असे पत्र घेऊन घरचा किंवा विश्वासू माणूस टपाल कार्यालयातूनही पार्सल आणू शकतो. मात्र त्या कार्यालयात कोणती कागदपत्रे लागतात, हे आधी विचारून घेतले तर हेलपाटा वाचतो.

ओटीपी : सोय आणि सापळा

सहीऐवजी किंवा सहीसोबत ओटीपी मागण्याची पद्धत कुरियर कंपन्यांनी आधीच रुळवली होती. सहीपेक्षा तो काही बाबतीत चांगला, कारण कोणीही गिरवलेली रेघ सही म्हणून चालून जाते, पण ओटीपी खऱ्या मालकाच्या फोनवरच येतो. शिवाय घरात कोणी विश्वासू माणूस असेल तर कार्यालयात बसलेला संग्राहक त्याला फोनवर ओटीपी सांगू शकतो.

धोकाही तिथेच आहे. 'मी तुमच्या दारात उभा आहे, ओटीपी सांगा' असा फोन येतो, संग्राहक बैठकीत असतो आणि घाईत आकडे सांगून मोकळा होतो. सहीप्रमाणेच ओटीपीसुद्धा वस्तू मिळाल्याची कबुली असते. म्हणून पार्सल घरच्या माणसाच्या हातात आले आहे, त्याने वरचे नाव आणि क्रमांक वाचून खात्री केली आहे, असे त्याच्याकडून कळल्यावरच ओटीपी द्यावा.

वाट पाहणारा माणूस फसवणुकीलाही लवकर बळी पडतो. 'तुमचा पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल अडकले आहे, ४८ तासांत या लिंकवर माहिती भरा' असे भारतीय टपालाच्या नावाने फिरणारे संदेश बनावट असल्याचे केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेक विभागाने स्पष्ट केले आहे. खरोखरच पार्सलची वाट पाहत असलेल्या व्यक्तीला असा संदेश लगेच खरा वाटतो. संदेशातली लिंक न उघडता टपाल खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः क्रमांक टाकून स्थिती पाहिली की शंका मिटते.

मग करायचे काय?

सहीची अट टाळण्यापेक्षा सही करण्याचे ठिकाण आणि वेळ आपल्या हातात ठेवणे अधिक शहाणपणाचे. त्यासाठी पुढील मार्ग उपलब्ध आहेत.

कार्यालयाचा पत्ता. पोस्टमन आणि कुरियर येतात त्या वेळेत संग्राहक कार्यालयातच असतो, त्यामुळे हा सर्वात सरळ मार्ग आहे. मात्र काही कंपन्या वैयक्तिक पार्सल स्वीकारत नाहीत, तर काही ठिकाणी स्वागतकक्षातील कर्मचारी सर्वांच्या वतीने सही करतात. तसे असेल तर पार्सल दिवसभर स्वागतकक्षात पडून राहू शकते. परवानगी असल्याची खात्री करून पत्त्यात नाव, विभाग, मजला आणि मोबाइल क्रमांक लिहायला सांगावा आणि पार्सल येण्याच्या दिवशी स्वागतकक्षाला कल्पना द्यावी.

वितरण कार्यालयातून घेणे. पार्सल आपल्या भागाच्या टपाल कार्यालयात पोहोचल्याचे दिसताच ओळखपत्र घेऊन स्वतः जाता येते. सकाळी पोस्टमन बाहेर पडण्यापूर्वी गेल्यास पार्सल तिथेच मिळण्याची शक्यता अधिक असते. पोस्टमनचा भाग, म्हणजे बीट, ठरलेला असतो. आपल्या बीटच्या पोस्टमनशी ओळख असेल तर 'शनिवारी आणा' किंवा 'कार्यालयातच ठेवा, मी येतो' एवढे बोलणेही पुरते.

पोस्ट रेस्टांट आणि पोस्ट बॉक्स. पोस्ट रेस्टांट ही टपालाची जुनी सोय आहे. पत्त्यात घराऐवजी टपाल कार्यालयाचे नाव घालतात आणि पत्र किंवा पार्सल तिथेच ठेवले जाते. ज्याच्या नावे आहे तो ओळख पटवून ते घेऊन जातो. नियमित खरेदी करणाऱ्यासाठी भाड्याचा पोस्ट बॉक्स हा पर्याय आहे. सहीची वस्तू बॉक्समध्ये टाकली जात नाही, पण ती आल्याची सूचना तिथे मिळते आणि ती काउंटरवरून घेता येते. कामाच्या ठिकाणाजवळचे टपाल कार्यालय निवडले तर जेवणाच्या सुटीत काम होते.

लॉकर. टपाल खात्याने २०२१ मध्ये कोलकात्यातील सॉल्ट लेक सेक्टर फाइव्ह आणि न्यू टाउन या भागांत डिजिटल पार्सल लॉकरचा प्रयोग सुरू केला. सेक्टर फाइव्ह हा आयटी कंपन्यांचा परिसर आहे. पार्सल लॉकरमध्ये ठेवले जाते, ओटीपी येतो आणि नोकरदार आपल्या सवडीने ते काढून घेतो. पुण्यातील हिंजवडी किंवा नवी मुंबईतील ऐरोलीसारख्या ठिकाणी दिवसभर कामात असणाऱ्यांची गरजही नेमकी हीच आहे.

पाठवण्याचा वार. विक्रेता ओळखीचा असेल तर पार्सल कोणत्या वारी टाकायचे, हे ठरवून घेता येते. शहरातल्या शहरात किंवा राज्यांतर्गत पार्सल साधारण किती दिवसांत येते याचा अंदाज अनुभवातून येतो. त्यानुसार ते शनिवारच्या सुमारास पोहोचेल असे पाहता येते. आपण परगावी असू ते दिवस विक्रेत्याला आधी कळवलेले बरे.

प्रत्यक्ष हातात घेणे. पुण्यात भरणाऱ्या 'कॉइनेक्स'सारख्या प्रदर्शनांत विक्रेते आणि संग्राहक समोरासमोर भेटतात. आधी ठरवलेले नाणे तिथे भिंगाखाली पाहून, तोलून घेता येते. फार मौल्यवान नाण्यासाठी अनेक जुने संग्राहक आजही हाच मार्ग पसंत करतात. त्यात पार्सलही नसते आणि सहीचा प्रश्नही येत नाही.

सहीपूर्वी आणि सहीनंतर

सहीवरून एवढेच सिद्ध होते की पाकीट हाती आले. त्यात काय होते, हे तिच्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून सही करण्यापूर्वीची दोन मिनिटे महत्त्वाची असतात. चिकटपट्टी उचकटून पुन्हा लावलेली आहे का, कोपरा फाटला आहे का, पाकीट संशयास्पद हलके लागते का, हे पाहावे. स्पीड पोस्टच्या बुकिंग पावतीवर पार्सलचे वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. विक्रेत्याने पावतीचे छायाचित्र पाठवले असेल तर तेच पार्सल घरच्या किंवा दुकानातल्या काट्यावर तोलून पाहता येते. पन्नास ग्रॅमच्या पाकिटातून तोळ्याचा रुपया गेला असेल तर वजनातला फरक लगेच दिसतो.

पाकीट फुटलेले किंवा छेडछाड झालेले वाटले तर घाईने सही न करता टपाल कर्मचाऱ्यासमोर पार्सल उघडून घेण्याची मागणी करता येते. याला टपालाच्या भाषेत 'ओपन डिलिव्हरी' म्हणतात. विशेषतः विमा उतरवलेल्या पार्सलबाबत ती फार उपयोगी पडते, कारण आत काय निघाले याची नोंद तिथेच होते.

घरी पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढण्याची सवय आता बहुतेक संग्राहकांना लागली आहे. व्हिडिओत आधी बंद पाकिटाच्या सर्व बाजू आणि पार्सल क्रमांक स्पष्ट दिसावा, मग मध्ये न थांबता नाणे बाहेर यावे आणि काट्यावरचे वजनही दिसावे. नाणे कडेने धरावे. प्रूफ नाण्याच्या आरशासारख्या पृष्ठभागावर बोटांचे ठसे उमटले तर तक्रारीत 'आधीच खराब होते' हे पटवणे कठीण जाते.

पाठवणाऱ्याच्या बाजूनेही काळजी हवी. पाकिटावर बाहेर 'नाणी' किंवा 'चांदी' असे लिहिणे, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात दुकानाचे ठळक नाव देणे टाळलेले बरे. नाणे आत सैल राहून खुळखुळणार नाही असे पुठ्ठ्यात घट्ट बसवावे. विमा उतरवताना मात्र किंमत खरी सांगावी, कारण भरपाई त्याच आकड्यावर ठरते.

अमेरिकेत हाच प्रश्न कसा सोडवतात?

नाण्यांचा बाजार मोठा असलेल्या अमेरिकेतही नोकरदार संग्राहकांची तक्रार हीच असते आणि नोकरीनिमित्त तिथे स्थायिक झालेल्या मराठी संग्राहकांनाही ती लागू होते. ईबे या ऑनलाइन बाजारपेठेत ७५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात सहीचा पुरावा नसेल तर 'पार्सल मिळाले नाही' या तक्रारीपासून विक्रेत्याला संरक्षण मिळत नाही. त्यामुळे खरेदीदाराने कितीही विनवले तरी विक्रेता सहीची अट सहसा सोडत नाही.

घेणारा घरी नसेल तर अमेरिकी टपाल खात्याचा पोस्टमन एक छापील चिठ्ठी ठेवून जातो. बहुतेक पार्सले पंधरा दिवस टपाल कार्यालयात ठेवली जातात. म्हणजे भारतातल्या मुदतीच्या दुप्पट. ठरावीक दिवशी पुन्हा आणून देण्याची विनंती ऑनलाइन करता येते. खासगी कंपन्यांची पार्सले जवळच्या औषधाच्या दुकानात किंवा अन्य दुकानात वळवून घेता येतात, मात्र पाठवणाऱ्याने तशी मनाई केलेली नसावी.

फार मौल्यवान नाण्यांसाठी तिथे 'रजिस्टर्ड मेल' वापरतात. त्यात प्रत्येक टप्प्यावर ताबा देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची नोंद होते, पार्सल कुलूपबंद ठेवले जाते आणि ५०,००० डॉलरपर्यंत विमा मिळतो. ही सेवा संथ असते, पण तिच्यावरचा विश्वास जुना आहे. गोवळकोंड्याच्या परिसरातील खाणीतून निघाल्याचे मानले जाणारे 'होप' हिऱ्याचे रत्न नोव्हेंबर १९५८ मध्ये जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला याच सेवेने पाठवले होते. त्याचा विमा दहा लाख डॉलरचा होता. पाठवण्याचा एकूण खर्च १४५.२९ डॉलर आला. त्यात टपालखर्च होता फक्त २.४४ डॉलर, बाकीची सारी रक्कम विम्याची होती.

थोडक्यात

सहीचा त्रास खरा आहे. वितरणाची व्यवस्था दिवसा घरात कोणीतरी असेलच, हे गृहीत धरून चालत आली आणि दोघेही नोकरी करणाऱ्या आजच्या घरांत ते गृहीतक टिकत नाही. पण सही काढून टाकली तर धोका पूर्णपणे खरेदीदाराच्या अंगावर येतो. त्यामुळे नोकरदार संग्राहकाने पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी निश्चित कराव्यात : पार्सल कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या वारी येणार, तिथे सही कोण करणार आणि विमा किती रकमेचा आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे विक्रेत्यासोबत आधीच ठरली असतील तर दारावरच्या कुलपामुळे नाणे परत जाण्याची वेळ क्वचितच येते.